प्रौढांना इंग्रजी वाचन शिकवताना

मालवण-देवगडकडील प्रौढांसाठी इंग्रजी वाचनाचा विनामूल्य वर्ग काढायचा असेल, तर जून-जुलैतील मासेमारीबंदीचा काळ खलाशांना सोयीचा पडतो. शेतकरी मात्र त्याच दिवसांत लावणीत गुंतलेले असतात, त्यामुळे त्यांची वेळ वेगळी ठेवावी. बालवाडीची पुस्तके आणू नयेत, कारण नातवंडाचे पुस्तक हाती दिलेले कोणत्याही आजोबांना रुचत नाही. त्याऐवजी औषधाच्या गोळ्यांची पट्टी घ्यावी: तिच्यावरील एक्स्पायरीची अक्षरे आधी शोधायला सांगावीत आणि त्यापुढील महिना व वर्ष वाचून गोळी चालेल की नाही, हे शिकणाऱ्यालाच ठरवू द्यावे.

देवनागरी वाचणाऱ्याची खरी अडचण उच्चारांची असते. इंग्रजीत अक्षरे 26 असली तरी ध्वनी सुमारे 44 आहेत, आणि 'सी' हे एकच अक्षर 'कॅट'मध्ये क, तर 'सिटी'मध्ये स होते. म्हणून अक्षरांची नावे घोकून घेण्याआधी ध्वनी शिकवावेत, तेही एका बैठकीत चार-पाचच. कोणी अडखळल्यास शब्द सांगून टाकण्याचा मोह (निवृत्त गुरुजींना तो अधिकच होतो) आवरावा आणि पहिला ध्वनी तेवढा सुचवून थांबावे. सासू-सून एकाच वर्गात असतील, तर जोड्या लावताना त्यांना वेगवेगळे बसवावे.