'सांगितले तेवढेच केले' हा बचाव ठरत नाही : नर्सिंग असिस्टंटने टाळायच्या चुका

रुग्णालयात त्यांना मावशी किंवा मामा म्हणतात, घरपोच रुग्णसेवा पुरवणारे ब्युरो त्यांना सरसकट 'नर्स' म्हणून पाठवतात आणि प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर मात्र नर्सिंग असिस्टंट किंवा जनरल ड्युटी असिस्टंट असे लिहिलेले असते. नावांचा हा गोंधळ वरवरचा वाटला, तरी या कामातल्या बहुतेक कायदेशीर अडचणींचे मूळ तिथेच आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा १९४७ चा कायदा आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ यांच्याखाली नोंदणी होते ती एएनएम, जीएनएम, बीएस्सी नर्सिंग असे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांची. काही महिन्यांच्या असिस्टंट कोर्सने तो नोंदणी क्रमांक मिळत नाही. त्यामुळे नातेवाइकांनी 'सिस्टर' अशी हाक मारली की ती सुखावून स्वीकारणे ही या कामातली पहिली चूक, कारण त्या हाकेपाठोपाठ सिस्टरची कामेही येतात. अशा सहायकांचे वर्ग घेताना वर्षानुवर्षे ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या इथे मांडत आहे.

हद्दीबाहेरचे काम 'जरासे' म्हणून करणे

रात्रीचे अडीच वाजलेले असतात, तीस खाटांच्या वॉर्डात एकच सिस्टर असते, ती नव्या पेशंटच्या सलाइनमध्ये अडकलेली असते आणि तिथूनच सांगते, "मावशी, सात नंबरला एवढे टोचून या ना, भरून ठेवले आहे." मावशींनी हे शेकडो वेळा पाहिलेले असते, हातही बसलेला असतो. नेमके इथेच थांबायला हवे. ट्रेमध्ये सामान लावून देणे, पेशंटला कुशीवर वळवणे, खाट क्रमांक आणि मनगटावरच्या पट्टीवरचे नाव जुळते का ते पाहून सांगणे ही सहायकाची कामे आहेत. इंजेक्शन, सलाइनचा वेग बदलणे, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) किंवा कॅथेटर (लघवीची नळी) घालणे व काढणे ही नाहीत. "सिस्टर, मी सगळे तयार ठेवते, टोचायला तुम्ही या," एवढे वाक्य पुरते, आणि त्याने कोणाचा अपमान होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये निकाली काढलेले एक प्रकरण मी प्रत्येक तुकडीला सांगते. विषमज्वरासाठी एका खासगी रुग्णालयात दाखल केलेल्या लहान मुलाला क्लोरोमायसेटिन हे प्रतिजैविक द्यायचे होते, प्रत्यक्षात नर्सने वडिलांना लॅरिॲगो हे मलेरियावरचे औषध आणायला सांगितले आणि तेच टोचले. मूल तिथेच कोसळले आणि मेंदूला झालेली इजा कायमची राहिली. ती नर्स कोणत्याही राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली नव्हती, हेही सुनावणीत पुढे आले. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपये भरपाईचा आदेश कायम राहिला. भरपाई रुग्णालयाला द्यावी लागते हे खरे, परंतु फौजदारी गुन्ह्याची शिक्षा मालक वाटून घेत नाही.

त्यातही फारसा कोणी सांगत नाही असा एक भाग आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला, तर पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. वैद्यकीय प्रक्रिया करताना असे घडल्यास ही मर्यादा दोन वर्षांवर येते. मात्र ती सवलत केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी, म्हणजे डॉक्टरांसाठी आहे. त्याच खाटेपाशी उभ्या असलेल्या मावशींना ती मिळत नाही.

घरच्या ड्युटीत हाच प्रश्न इन्सुलिनच्या रूपाने येतो. "आजोबांना रोज वीस द्यायचे, त्यात काय आहे?" असे सून म्हणते. त्यात आहे ते असे : आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली अशी दोन्ही प्रकारची इन्सुलिन मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिटचे औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये वीसच्या खुणेपर्यंत ओढले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे वीसऐवजी पन्नास युनिट पोटात जातात. आजोबा पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध पडतात आणि ब्युरोच्या कागदावर मावशींच्या कामात इन्सुलिनचा उल्लेखही नसतो. घरच्या माणसाने स्वतः टोचावे किंवा नोंदणीकृत नर्सची सोय करावी, हे पहिल्याच दिवशी, शक्य तर ब्युरोच्या व्यवस्थापकासमोर, स्पष्ट करून घ्यावे.

न मोजता लिहिणे

मी काम करत होते त्या एका रुग्णालयात पहाटे पाच वाजता एका पेशंटला आयसीयूत हलवले. सकाळी त्याच्या वॉर्डातल्या तक्त्यावर सहाची नोंद होती : ताप ९८.४, नाडी ७८, रक्तदाब १२०/८०. खाट रिकामी होती आणि तक्ता निरोगी होता. लिहिणाऱ्या मुलीचा हेतू वाईट नव्हता. सकाळची घाई असते म्हणून तिने रात्रीच सगळ्या वॉर्डाचे आकडे भरून ठेवले होते. पुढे नातेवाइकांनी फाइलच्या प्रती मागितल्या, तेव्हा त्या एका ओळीने वॉर्डातल्या इतर सगळ्या खऱ्या नोंदींवरचा विश्वासही घालवला. प्रकरण न्यायालयात गेले की न्यायाधीशांना मावशींची तळमळ दिसत नाही, त्यांच्यासमोर तक्ता असतो.

म्हणून आधी मोजावे, मग लिहावे, आणि मोजणे राहून गेले असेल, तर तो रकाना कोरा ठेवून सिस्टरना तसे सांगावे. युरोबॅगमधली लघवी मापकात ओतून मोजावी, पिशवीवरच्या रेषांवरून अंदाज बांधू नये. लिहिताना चूक झाली, तर तिच्यावर एक सरळ रेघ मारून शेजारी योग्य आकडा, वेळ आणि सही करावी. व्हाइटनर लावलेला किंवा गिरवून काळा केलेला आकडा पाहिला की वकिलाला पुढचे फार काही शोधावे लागत नाही. दुसऱ्याच्या नावाने सही करणे तर बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते, मग ती मैत्रिणीची उशिराची हजेरी का असेना.

पडलेले झाकणे

पेशंट बाथरूममध्ये घसरला, लगेच उठून बसला, "काही नाही झाले, कोणाला सांगू नका" असे स्वतःच म्हणाला, आणि मावशींना हायसे वाटले. हे हायसे वाटणे घातक असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धाच्या डोक्यातला रक्तस्राव काही तासांनी लक्षात येऊ शकतो, आणि तेव्हा डॉक्टरांना पडल्याची माहितीच नसेल, तर तपासणीची दिशा चुकते. पडलेल्या माणसाला दंडाला धरून झटक्यात उभे करू नये. त्याला तिथेच स्थिर ठेवून हाक मारावी, आणि कुठे, कसा, किती वाजता पडला हे जसेच्या तसे सांगावे. पडणे हा अनेकदा कोणाचाच दोष नसतो; लपवणे हा मात्र नेहमीच लपवणाऱ्याचा दोष ठरतो.

हात बांधणे, आणि न विचारता हात लावणे

नाकातली नळी उपसतो म्हणून रात्री पेशंटचे मनगट गॉजपट्टीने कठड्याला बांधून ठेवणे इतके सर्रास चालते की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. डॉक्टरांच्या लेखी आदेशाशिवाय केलेले असे बंधन अन्यायाने अडवून ठेवण्याच्या गुन्ह्यात मोडू शकते. मनोरुग्णालयांसाठी तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने स्पष्टच सांगितले आहे की बंधन हे शिक्षा म्हणून किंवा मनुष्यबळ कमी आहे म्हणून वापरता येत नाही. आदेश असला, तरी पट्टीखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत, बोटांचा रंग आणि ऊब वरचेवर पाहिली पाहिजे, आणि सोडल्याची वेळही लिहिली पाहिजे. स्पंजिंग किंवा डायपर बदलतानाही हाच विचार लागू होतो. "काकू, आता अंग पुसून घेऊ या का?" असे विचारून, पडदा ओढून, लागेल तेवढाच भाग उघडा करावा. नको म्हटले, तर थांबावे आणि सिस्टरना सांगावे.

याच्या उलट बाजूची चूक म्हणजे हात न लावणे. दर दोन तासांनी कूस बदलायची राहते, ओली चादर सकाळपर्यंत तशीच राहते आणि माकडहाडापाशी लाल चट्टा उमटतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्याविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालाने तिथल्या कर्मचाऱ्यांच्या शुश्रूषेचा गौरव केला, आणि इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर (सतत झोपून राहिल्याने होणारी जखम) होऊ दिला नाही ही गोष्ट तेव्हा देशभर चर्चिली गेली. त्यामुळे 'इतके दिवस झोपून आहे, बेडसोर होणारच' हे वाक्य ऐकले की मला ते रुग्णालय आठवते.

मोबाइल आणि लोकलमधल्या गप्पा

पेशंटसोबतचा हसरा फोटो स्टेटसला ठेवणे हासुद्धा गोपनीयतेचा भंगच आहे, मग नातीने 'काढा ना मावशी' म्हटलेले असो. संमतीशिवाय शरीराच्या खासगी भागांचे चित्रण केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि विश्वासाने कळलेली बाधितांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय उघड करण्यास तो मनाई करतो. पुढच्या पाळीच्या मैत्रिणीला 'बारा नंबरला जरा जपून' असे डोळ्यांनी खुणावणे यातच येते. सर्व पेशंटसाठी हातमोजे एकाच नियमाने वापरले, तर अशी खूण करण्याची गरजच उरत नाही.

अपवाद एकच. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका येण्याजोगे काही दिसले, तर पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथे गुपित पाळणे हाच गुन्हा ठरतो.

पैसे, दागिने, सुया

घरच्या ड्युटीत एटीएमचा पिन ऐकूनही घेऊ नये, कोणत्याही धनादेशावर किंवा मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नये आणि पहिल्या दिवशी पेशंटच्या अंगावर असलेल्या बांगड्या, साखळी, अंगठी यांची यादी घरच्यांच्या सहीने करून घ्यावी. नोकराने केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आळ आला की तो खोडून काढायला हीच यादी उपयोगी पडते. वापरलेली सुई दिसली, तर तिला पुन्हा टोपण लावायला जाऊ नये, ती थेट पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकावी. भिजलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत आणि नळ्या व युरोबॅग लाल पिशवीत जातात.

चूक घडून गेली असेल तर

सगळे माहीत असूनही कधीतरी हातून चूक होते. अशा वेळी आधी पेशंटपाशी सिस्टर किंवा डॉक्टरांना बोलवावे, नंतर घडलेले खरे सांगावे, आणि फाइलमधल्या जुन्या नोंदीला हात लावू नये. त्याच दिवशी, स्मरण ताजे असताना, वेळ आणि सांगणाऱ्याच्या नावासह घटनेचे टिपण स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि त्याची एक प्रत जपून ठेवावी. व्यवस्थापनाने जबाब मागितला, तर तो द्यावा, पण वाचून. मजकूर समजत नसेल, तर वाचून दाखवायला सांगावे, आणि 'मजकूर नंतर टाइप करू' असे म्हणून पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नये.