ड्रॉपडाउनमध्ये निवडलेला धक्का गायब होतो तेव्हा

जावात लिहिलेला फेरीबोटीच्या बुकिंगचा वेब फॉर्म घ्या. ड्रॉपडाउनमध्ये दाभोळ, धोपावे, जयगड, तवसाळ असे धक्के. (क्लासचं नावही 'धक्का'च ठेवा. 'जेट्टी' ठेवलंत, तर त्याच नावाच्या जावा सर्व्हरशी गल्लत होते.) जयगड निवडून बुकिंग सेव्ह केलं. दुरुस्तीसाठी फॉर्म पुन्हा उघडला, तर तिथे 'एक निवडा'. डेटाबेसमध्ये मात्र जयगड जागच्या जागी!

बुकिंगमधला जयगड डेटाबेसशी उघडलेल्या एका सेशनमधून आलेला, यादीतला दुसऱ्या. मेमरीत ती दोन ऑब्जेक्ट्स. इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट्स सारखी का, हे सांगणारी मेथड) आपण लिहिलं नसेल, तर जावा 'हे तेच ऑब्जेक्ट का' एवढंच बघतं. विकेट हे जावाचं वेब फ्रेमवर्क यादीतली जागा इंडेक्सऑफने शोधतं, -१ (म्हणजे 'सापडलं नाही') मिळतो आणि काहीच निवडलं जात नाही. जेएसएफ हे दुसरं फ्रेमवर्क तर सबमिटलाच 'व्हॅल्यू इज नॉट व्हॅलिड' म्हणून अडवतं.

१. आधी ओळख ठरवा. नावावर विसंबू नका. वेसवीच्या धक्क्याला कुणी वेश्वी लिहितं. आयडीच घ्या.

२. इक्वल्स लिहा. समोरचं ऑब्जेक्ट धक्काच आहे का हे बघायला गेटक्लासऐवजी इन्स्टन्सऑफ वापरा, कारण हायबरनेट (डेटाबेसमधल्या नोंदींची ऑब्जेक्ट्स करून देणारी लायब्ररी) कधीकधी खऱ्या धक्क्याऐवजी प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या उपक्लासचं बदली ऑब्जेक्ट, हातात देतं. त्याच कारणाने समोरच्याचा आयडी थेट फील्डमधून न घेता गेटरने (तो परत देणाऱ्या मेथडने) घ्या. आयडी नल असेल तर उत्तर फॉल्स.

इथेच मी एकदा आपटलो. लाँग प्रकारचे (साधे आकडे नव्हे, ऑब्जेक्ट्स) आयडी == ने ताडले होते. चाचणीत सात-आठ धक्के, सगळं सुरळीत. खऱ्या डेटात आयडी १२७ च्या पुढे गेले आणि निवड गळायला लागली. जावा -१२८ ते १२७ पर्यंतचे लाँग कॅशमधून, म्हणजे तीच साठवलेली ऑब्जेक्ट्स पुन्हा देतं, म्हणून तोवर == खरं ठरतं. आयडीही इक्वल्सनेच ताडा.

३. हॅशकोड (हॅशसेटसारखे संग्रह ज्या आकड्यावरून ऑब्जेक्ट शोधतात तो) सोबत लिहायलाच हवा. आयडी सेव्ह झाल्यावर मिळत असेल, तर त्यावरून काढलेला हॅशकोड मधेच बदलतो आणि हॅशसेटमध्ये टाकलेला धक्का सापडेनासा होतो. मी सरळ एक ठरावीक आकडा परत देतो. पाच-पंचवीस धक्क्यांना तेवढं पुरतं.

४. क्लासला हात लावायचा नसेल, तर विकेटमध्ये चॉइसरेंडररला (यादीतला पर्याय कसा दाखवायचा ते ठरवणाऱ्या क्लासला) नावासोबत आयडीची प्रॉपर्टीही द्या. निवड आयडीवरून जुळते. जेएसएफमध्ये नुसता कन्व्हर्टर (ऑब्जेक्टचा मजकूर आणि मजकुराचं ऑब्जेक्ट करणारा क्लास) लावून सुटका नाही, इक्वल्स लागतंच.

तपासताना न्यू वापरून दोन धक्के बनवा, दोघांना आयडी ५०० द्या आणि इक्वल्सचं उत्तर बघा. पाचावर तपासू नका.