पतंगाचे लोकरी गोळे, दाराची पट्टी आणि लोककथेची कादंबरी

मार्गशीर्ष लागला की निफाडचा पारा बातम्यांत येतो आणि नाशिकमध्ये लोकरीच्या सुया बाहेर निघतात. नाताळचं झाड असो की संक्रांतीचं तोरण, पाचेक सेंटीमीटरचा भरीव गोळा दोन्हीकडे शोभतो. येवल्याच्या पतंगांचा जिल्हा आपला, म्हणून नक्षी पतंगाची.

विणता विणता वाचायचं असेल तर एक गोष्ट आधी ठरवावी. गोळा वाचताना विणू नये, त्यात एकाआड एक ओळीला टाके मोजावे लागतात. वाचनासाठी तोरणाची पट्टी घ्यावी, तिच्यात मोजायचं काहीच नसतं. गोळे दिवसाउजेडी, पट्टी रात्री पुस्तकाबरोबर.

साहित्य: फोर प्लाय अ‍ॅक्रिलिक लोकर, पांढरी आणि लाल. 25 ग्रॅमच्या गुंड्यात चार गोळे आरामात होतात. 10 नंबरच्या सुया (3.25 मिमी), लोकर शिवायची बोथट सुई, उशीत भरतात तो फायबर. कापूस भरू नका, धुतल्यावर त्याच्या गाठी होतात आणि गोळा एका बाजूला बसतो. विणकाम घट्टच हवं: 10 सेंटीमीटरमध्ये साधारण 24 टाके. त्याहून कमी बसत असतील तर 11 नंबरची सुई घ्या, नाहीतर फटींतून फायबर डोकावतो.

गोळा

पांढऱ्या लोकरीचं 25 सेंमी टोक सोडून 14 टाके घाला. पहिला आणि शेवटचा टाका शिवणीचा, तो नेहमी साधा. विषम ओळी सगळ्या उलट. "वाढवा" म्हणजे एकाच टाक्यात पुढून आणि मागून विणून दोन करा.

ओळ 2: 1 सुलट, (1 सुलट, पुढच्यात वाढवा) 6 वेळा, 1 सुलट. झाले 20.
ओळ 4: कंसात 2 सुलट, मग वाढवा. झाले 26.
ओळ 6: कंसात 3 सुलट, मग वाढवा. 32.
ओळ 8: कंसात 4 सुलट, मग वाढवा. 38.
ओळी 9 ते 15: टाके न वाढवता, सम सुलट, विषम उलट. पतंग इथेच येतो.
ओळ 16: 1 सुलट, (4 सुलट, 2 टाके एकत्र) 6 वेळा, 1 सुलट. 32.
ओळ 18: कंसात 3 सुलट, 2 एकत्र. 26.
ओळ 20: कंसात 2 सुलट, 2 एकत्र. 20.
ओळ 22: कंसात 1 सुलट, 2 एकत्र. 14.
ओळ 23 उलट. 30 सेंमी टोक ठेवून लोकर कापा आणि बोथट सुईने ती सगळ्या टाक्यांतून ओवून घ्या.

पतंग ओळ 10 ते 14 मध्ये बसतो. कडेचे टाके पांढरेच ठेवून मधल्या 36 टाक्यांत ही मांडणी 6 वेळा करा. ओळ 10: 2 पांढरे, 1 लाल, 3 पांढरे. ओळ 11 (उलट): 2 पांढरे, 3 लाल, 1 पांढरा. ओळ 12: 5 लाल, 1 पांढरा. ओळ 13 ही 11 सारखी, ओळ 14 ही 10 सारखी.

बहुतेकांचा गोळा बिघडतो तो इथे. न वापरलेला रंग मागून नेताना धागा ओढला जातो, आणि गोळ्याला मधोमध कंबर पडते. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरवा, मगच नवा धागा घ्या. मागे धागा किंचित सैल लोंबला तरी चालेल, आत तो दिसणार नाही. कंबर पडलीच तर भरून ती सरळ होत नाही. उसवून ओळ 9 पर्यंत जावं लागतं.

आता शिवण. सुरुवातीच्या टोकाने खालचे टाके ओवून आवळा. मग दोन्ही कडा समोरासमोर ठेवून, कडेच्या टाक्याच्या आतल्या बाजूला जो आडवा धागा दिसतो तो एकदा इकडचा, एकदा तिकडचा उचलत चला आणि दर चार टाक्यांनी ओढा. शिवण दिसेनाशी होते आणि पतंगांची रांगही जुळते. दोन बोटांची फट राहिली की फायबर पिंजून, चिमूटचिमूट भरा. एकदम गोळा करून कोंबला तर वरून ढेकळं दिसतात. आधी कडेला भरा, मध्य शेवटी. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, लोकर कायमची लुळी पडते. ओल्या हाताने गोल करून वाळू द्या.

संक्रांतीसाठी काळा गोळा करायचा असेल तर पतंगाऐवजी वरून पांढऱ्या धाग्याच्या गाठी घाला, हलव्याच्या दाण्यांसारख्या. आत काळ्या लोकरीचे तुकडे भरा, पांढरा फायबर काळ्यातून दिसतो.

वाचतानाची पट्टी

8 टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलटच विणा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलून घ्या, कड नीट येते. तीन फुटी दारासाठी 85 सेंमी पुरे. गोळ्यांच्या वजनाने ती ताणली जाते, म्हणून मागे सुती नाडी शिवा. 12 सेंमी अंतराने सात गोळे बसतात.

मजकुरात रमून ओळीच्या मध्येच सुया खाली ठेवल्या तर परत घेताना दिशा कळत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. गुंड्याकडून येणारा धागा ज्या सुईला लोंबतो ती उजव्या हातात धरायची. पुस्तक आपोआप मिटत असेल तर दोन्ही बाजूंना कपड्यांचे चिमटे लावा. या कोरड्या थंडीत भेगाळलेली बोटं लोकरीत अडकतात. खोबरेल तेल झोपताना लावा, विणायच्या आधी नको, डाग पडतात.

आता पुस्तक. लोककथेवर बेतलेली कादंबरी हाती घेण्याआधी मूळ कथा माहीत हवी, नाहीतर लेखकाने काय बदललं हेच कळत नाही, आणि खरी गंमत त्या बदलात असते. लोकसाहित्याच्या अभ्यासक सरोजिनी बाबर यांच्या पुढाकाराने लोकसाहित्य समितीने काढलेले ओव्या-कहाण्यांचे संग्रह त्यासाठी उत्तम. 1840 पासूनच्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात आधी लोकसाहित्याचं कपाट बघा, मग कादंबऱ्यांचं.

काळही अनुकूल असतो. मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते, तेव्हा खंडोबा-बाणाईवरचं काही निवडा. बाणाईची म्हणून मानली जाणारी चंदनपुरी मालेगाव तालुक्यातच आहे, पौषातल्या तिथल्या जत्रेपर्यंत कादंबरी संपवता येते. मार्गशीर्षातच कळवण-सुरगाण्याकडे डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, आदिवासी कथांवरचं लेखन त्या दिवसांत जास्त भिडतं.

संवाद अहिराणीत असतील तर ते पान डोळ्यांनी वाचून पुढे जाऊ नका. सुया ठेवा, मोठ्याने वाचा. ओवीचंही तसंच, ती जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते आणि मनातल्या मनात वाचली की तिचा ठेका हरवतो. घरात कोणी ऐकणारं असेल तर वाचणारा आणि विणणारा असे दोघं बसा. मग पट्टीचा नियमही सुटतो, ऐकताना पतंगाच्या ओळीसुद्धा जमतात.