गारठ्याचा आठवडा : घरात, गोठ्यात आणि फडात करायची तयारी

कोल्हापुरात पुराची तयारी कुणाला शिकवावी लागत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे पेठेतल्या पोरांनाही पाठ असतं. कुठल्या आकड्याला सामान माडीवर न्यायचं, कुठल्या आकड्याला जनावरं सोडवायची, सगळं ठरलेलं असतं. थंडीचं तसं नाही. जानेवारीत इथलं सरासरी किमान तापमान १४-१५ अंशांच्या आसपास, त्यामुळे आपली घरं ऊन आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. कौलांत फटी, खिडक्यांना नुसत्या जाळ्या, पायाखाली गार फरशी. मग वर्षातून एखादा आठवडा पारा १० कडे घसरतो आणि माणसं हाताला लागेल त्यानं फटी बुजवतात, दारं लावून घेतात आणि आत काहीतरी पेटवतात. इथल्या थंडीत सगळ्यात जास्त भीती मला याचीच वाटते. म्हणून माझी यादी स्वेटर-कानटोपीपासून सुरू होत नाही.

आधी आकड्याचं सांगते. हवामान खात्याच्या लेखी मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आलं आणि ते नेहमीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असलं, तर थंडीची लाट म्हणतात. ती जाहीर होईपर्यंत थांबू नका. पुढच्या पाच दिवसांच्या अंदाजात १२ दिसलं की आमच्या घरात कामं सुरू होतात. खात्याच्या ‘मौसम’ ॲपवर अंदाज बघता येतो, आणि जिल्ह्याला पिवळा, नारिंगी की लाल इशारा आहे तेही कळतं. दिल्ली-काश्मीरच्या बातम्यांकडेही लक्ष असू द्या. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारा पाऊस-बर्फाचा पट्टा, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडे, गार उत्तरेचे वारे खाली उतरतात. त्याच वेळी आपल्याकडे आकाश निरभ्र असलं तर जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते. बंगालच्या उपसागरात काही हालचाल होऊन ढग आले तर रात्र उबदार जाते, पण मग पावसाचा शिडकावा होऊ शकतो. खळ्यावरची वैरण त्या हिशेबानं झाकून ठेवावी.

अंदाजातला आकडा हा जमिनीपासून चारेक फुटांवर, सावलीतल्या पेटीत मोजलेला असतो. गार हवा जड, ती सखल जागी साचते. आमचं रान वडणग्याच्या बाजूला नदीकाठी आहे, तिथं पहाटे जमिनीलगत शहरापेक्षा दोन-चार अंश कमीच असतात. आणि सगळ्यात गार वेळ मध्यरात्र नाही, सूर्य उगवायच्या सुमाराची. खोबरेल तेल थिजलं म्हणजे कडाक्याची थंडी पडली असं आपल्याकडे म्हणतात, पण ते २४ अंशांखालीच घट्ट व्हायला लागतं. त्या खुणेवर विसंबू नये.

आता घरातलं पहिलं काम, न्हाणीघराचं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण चार वर्षांपूर्वीच्या अशाच एका आठवड्यात आमच्या घरात ते घडलं आहे. न्हाणीत गॅसचा गिझर होता. हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या झडपेतून वारं येतंय म्हणून तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते, आणि ते मीच कोंबले होते. पुतणी शाळेची घाई म्हणून सकाळी सहाला आंघोळीला गेली. मी चहा टाकत होते. बादलीत पाणी पडत होतं, पण तांब्याचा आवाज थांबला होता. हाक मारली, उत्तर नाही. दोनदा, तीनदा मारली. दिरांनी दाराला खांदा दिला तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, मान खाली, ओठ हलत नव्हते. चादरीत गुंडाळून परड्यात आणली. मोकळ्या हवेत थोड्या वेळानं डोळे उघडले आणि ‘काकी, डोकं फुटतंय’ एवढंच म्हणाली. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. ती बरी झाली. ते बोळे मी अजून विसरलेले नाही.

गॅस पुरेशा हवेशिवाय जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तात ऑक्सिजनची जागा तो घेतो आणि माणूस झोपल्यासारखा गळून पडतो. म्हणून गारठा सुरू व्हायच्या आधी झडप साफ करा, जाळी लावलेली असेल तर तिच्यावरची धूळ काढा. गिझर न्हाणीच्या बाहेर बसवता आला तर सगळ्यात उत्तम. तोवर आमच्या घरी नियम असा आहे की दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, मगच आत जाऊन कडी लावायची. एकामागून एक पाच जणांच्या आंघोळी सलग काढायच्या नाहीत. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली तर मेकॅनिक येऊन बघेपर्यंत तो गिझर बंद. डोकं जड झालं, मळमळलं, पाय लटपटले, आणि विशेषतः घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी तसं झालं, तर थंडी बाधली म्हणत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा.

शेगडीचंही तेच. निखारे लाल झाले आणि धूर थांबला की शेगडी आत घ्यायला हरकत नाही, असं जुनी माणसंसुद्धा सांगतात. ते चूक आहे. विषारी वायू त्या बिनधुराच्या निखाऱ्यातूनच येतो. शेगडी अंगणात शेकायची आणि झोपायच्या आधी बाहेरच पाणी टाकून विझवायची. बंब पेटवायचा तोही परड्यात. विजेचा रॉड वापरत असाल तर वायर कुठं सोललेली आहे का ते दिवसाउजेडी बघा, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. उकळत्या बादलीजवळ रांगतं मूल येणार नाही अशी जागा ठरवून ठेवा.

घरातलं वयस्कर माणूस ही यादीतली दुसरी मोठी गोष्ट. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि पहाटे हृदयावर ताण येतो. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या घरात आहेत ना, हे मी डबा उघडून मोजते, विचारून नव्हे. कारण विचारलं की ‘हाईत की गं’ हेच उत्तर येतं. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांनी हा आठवडा साडेपाचऐवजी ऊन पडल्यावर निघावं. एवढी एकच सवय बदलली तरी पुष्कळ. पहाटे उठल्या उठल्या गार फरशीवर पाय टाकायचा नाही, पलंगाखाली सपाता काढून ठेवायच्या. रात्री उठावं लागतं म्हणून म्हातारी माणसं संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, तेही बरं नाही. जवळ बॅटरी ठेवा, वाट मोकळी ठेवा, आणि पाणी पिऊ द्या.

थंडी बाधलेल्या माणसाला हुडहुडी भरते हे सगळ्यांना कळतं. न कळणारी गोष्ट अशी की बोलणं जड झालं, माणूस गोंधळला, पेंगायला लागला आणि हुडहुडी थांबली, तर ते जास्त गंभीर असतं. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलेलं असू शकतं. ओले कपडे काढा, कोरड्या वाकळीत गुंडाळा, कोणी तरी शेजारी चिकटून बसा आणि दवाखाना गाठा. हात-पाय जोरजोरात चोळू नका. शुद्धीवर असेल तरच कोमट, गोड काहीतरी पाजा. दारू मुळीच नको. तिनं अंगात गरमी आल्यासारखी वाटते, पण उलट ऊब निघून जाते.

घरात बाळंतीण असेल तर बाळाला आईच्या अंगाशी, उघड्या त्वचेला त्वचा लावून ठेवण्यासारखी ऊब दुसरी नाही. डोक्याला टोपडं, पायात मोजे, पण तोंडावर पांघरूण नको. तेल लावणं आणि अंघोळ उन्हं आत आल्यावर. आणि बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून खोली बंद करून खाटेखाली निखारे ठेवायची पद्धत अजून काही घरांत आहे, तिला या वर्षी आजीला समजावून फाटा द्या.

कपड्यांचं थोडक्यात. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे आणि त्यावर वारा अडवणारं काही, हे जास्त कामाचं. गाडीवर तर नक्कीच. १० अंशांत ताशी ५० किलोमीटरनं दुचाकी चालवली तर उघड्या अंगाला ५-६ अंश असल्यासारखं लागतं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांनी हातमोजे आधी घ्यावेत, जॅकेट नंतर. माळ्यावरच्या वाकळी आणि घोंगडी एक दिवस कडक उन्हात टाकली की दमटपणा जातो. दमट पांघरूण ऊब धरत नाही. स्वयंपाकात बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, आणि रात्री हुलग्याचं माडगं. हुलगे आधीच दळून आणावेत, थंडी पडल्यावर गिरणीत गर्दी होते.

गोठ्याकडे दुपारीच जावं. वारा ज्या बाजूनं येतो तिकडे गोणपाट बांधायचं, पण गोठा हवाबंद करायचा नाही, नाहीतर मुताच्या वाफेनं जनावरं खोकायला लागतात. खाली कोरडं पाचट चांगलं जाड पसरायचं आणि ओलं झालेलं रोज काढायचं. म्हशीपेक्षा रेडकाला जपा. लहान जनावर रात्रीत गारठून जातं. त्याच्या पाठीवर पोतं बांधलं तरी पुष्कळ. रात्रीच्या वैरणीत कोरडा कडबा वाढवा, तो पचताना अंगात ऊब राहते. पाणी हौदातलं गार न देता ताजं उपसलेलं द्या, विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं. भाजीपाल्याच्या रानाला थंडीच्या रात्री हलकं पाणी दिलं की ओल्या मातीत ऊब टिकते. हरभऱ्याला आणि गव्हाला हा गारठा मानवतो, त्यांची काळजी नको. उसाची ‘सुरू’ लागण, म्हणजे हिवाळ्यातली लागवड, करायची असेल तर मात्र आठवडाभर थांबलेलं बरं. गार मातीत डोळे फुटायला वेळ लागतो आणि कांडी कुजते.

उसाचा विषय निघाला म्हणून सांगते. थंडी पडली की उसात साखर भरते, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, चढतो. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, उताऱ्यावरच ठरते, म्हणून कारखान्याला आणि आम्हा शेतकऱ्यांना हे दिवस हवेसे वाटतात. पण तो ऊस तोडणारी माणसं, बीडकडून, मराठवाड्यातून आलेली, पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत झोपतात आणि अंधारात फडात उतरतात. पानांवरचं दव अंगावर घेत भिजलेल्या हातांनी कोयता चालवतात. मागच्या वर्षी आम्ही घरातल्या चादरी घेऊन फडावर गेलो. एका बाईनं त्यातली एक हाताळून बघितली आणि म्हणाली, ‘वरून हाय बाई आमच्याकडं, खालून गार येतंय.’ कोपीत वाकून बघितलं तर जमिनीवर एकच प्लॅस्टिकचं पोतं आणि त्यावर दोन लेकरं. पांघरूण कितीही जाड असलं तरी जमीन अंगातली ऊब ओढून घेते. तेव्हापासून आम्ही आधी ताडपत्री, त्यावर वीतभर कोरडं पाचट, त्यावर जुनी सतरंजी, एवढं देतो. मग वाकळ. आणि हे पारा उतरायच्या दोन दिवस आधी द्यायचं, बातमी पेपरात आल्यावर नाही.

ज्याच्या रानात ऊसतोडीची टोळी आहे त्यानं टोळीच्या मुकादमाशी आधीच बोलावं. या आठवड्यात तोड उजाडल्यावर सुरू होईल, ट्रॉली उशिरा भरली तर चालेल, हे मालकानं म्हटलं तर मुकादमालाही सोपं जातं. पाचटाच्या कोपीत चूल पेटवणं म्हणजे आगीला निमंत्रण. चूल बाहेर, ठिणगी कोपीकडे उडणार नाही अशा बाजूला, आणि शेजारी पाण्यानं भरलेलं एक पिंप. ताप आलेलं किंवा अंग गार पडलेलं लेकरू दिसलं तर आपली गाडी काढावी. रात्री त्यांना इथला दवाखानाही माहीत नसतो. १०८ आणि ११२ हे दोन आकडे कोपीच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि फडाचा ठावठिकाणा कसा सांगायचा तेही शिकवून ठेवा.

रस्त्याचं एवढंच. नदीकाठी आणि गगनबावड्याच्या वाटेवर पहाटे धुकं दाटतं आणि त्यातच उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. आपली ट्रॉली असेल तर मागे दोन्ही कडांना रिफ्लेक्टर लावा, बैलगाडीलाही लावा. चिखलानं माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा, रोज संध्याकाळी फडक्यानं पुसा. पंक्चर झालं तर ट्रॉली रस्त्यावर सोडून झोपायला जाऊ नका. गाडी चालवणाऱ्यांनी धुक्यात दिव्याचा झोत खाली ठेवावा. वर ठेवला की समोर पांढरी भिंतच उभी राहते.

पारा पुन्हा १४ वर आला की गोणपाट सोडून उन्हात वाळवा, गोठ्यातलं पाचट सगळं बदला. घडी मात्र हाताशीच ठेवा, माळ्यावर टाकू नका. फेब्रुवारीतही एखादी गार रात्र परत येते.