तालमीतल्या पोरांनो, क्रिएटिन असं घ्या

शहापुरातल्या आमच्या तालमीत परवा एका पोरानं मूठभर क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटपट जोर पुरवणारी पूड, तोंडात टाकलं, वर तांब्याभर पाणी. अरे, स्नायू म्हणजे काय पोतं आहे?

स्नायूपेशीच्या दारात एक वाहक प्रथिन असतं. सोडियमच्या जोरावर ते क्रिएटिन आत ओढतं. कोठार भरत आलं की ओढ मंदावते, उरलेलं लघवीतून जातं. म्हणून रोज 3 ग्रॅम, सपाट छोटा चमचा, कोमट पाण्यात ढवळून. महिन्याभरात कोठार भरतं. घाई असेल तर 5 ग्रॅम दिवसातून चारदा, पाच दिवस, मग रोज 3च.

जोर-बैठकांनंतर भात-भाकरीबरोबर घ्या. राबलेला स्नायू जास्त ओढतो, जेवणानं वाढलेलं इन्सुलिनही हात देतं. (कुंद्याला, म्हणजे आपल्या दुधाच्या मिठाईला, हे निमित्त नको हं!) मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.