वृषणाजवळची गाठ: निदान आणि उपचारांतील या चुका टाळा

वृषणरज्जू (वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व शुक्रवाहिनीची दोरी), अधिवृषण (वृषणामागची शुक्राणू साठवणारी नळी) आणि वृषणाभोवतीची आवरणे यांच्या मऊ ऊतींत होणारा सार्कोमा (चरबी, स्नायू अशा ऊतींचा कर्करोग) दुर्मीळ असल्यामुळे तिथली न दुखणारी टणक गाठ पुष्कळदा हर्निया किंवा हायड्रोसिल (वृषणाभोवती पाणी साचणे) समजून शस्त्रक्रियेला घेतली जाते आणि खरे निदान पॅथॉलॉजीच्या अहवालातच कळते. गाठ घन आहे की पाण्याची, हे सोनोग्राफीत बहुधा स्पष्ट दिसते. ती केल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये.

रक्तातील एएफपी आणि बीटा-एचसीजी ही कर्करोगसूचक द्रव्ये सामान्य आली म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे आहे, कारण ही द्रव्ये वृषणातील बीजपेशींच्या कर्करोगात वाढतात, सार्कोमात सहसा नाही.

सर्वांत महागात पडते ती वृषणकोशावर छेद घेऊन नुसती गाठ काढण्याची घाई. वृषणाची लसीका (ऊतींतून वाहणारा द्रव, ज्याच्या वाटेने कर्करोग पसरू शकतो) पोटाच्या मागच्या भागातील ग्रंथींकडे जाते, तर वृषणकोशाच्या त्वचेची जांघेतील ग्रंथींकडे. त्यामुळे चुकीच्या जागी घेतलेला छेद कर्करोगाला नवी वाट मोकळी करून देऊ शकतो. योग्य शस्त्रक्रिया जांघेतून होते आणि तीत वृषणासह वृषणरज्जू शक्य तितक्या वरून काढली जाते. आधीच गाठ अर्धवट काढली गेली असेल, तर ‘आता बघत राहू’ असे न म्हणता भोवतालच्या निरोगी ऊतींच्या रुंद कडेसह पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा विचार व्हावा. त्यापूर्वी पोटाचा सीटी स्कॅन आवश्यक आहे, कारण पोटामागचा लायपोसार्कोमा (चरबीच्या ऊतींचा सार्कोमा) कधीकधी जांघेतून खाली उतरलेला असतो.

प्रौढांत लायपोसार्कोमा आणि लायोमायोसार्कोमा (अनैच्छिक स्नायूंच्या ऊतींचा), तर मुलांत व किशोरांत ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा (ऐच्छिक स्नायूंसारख्या ऊतींचा) अधिक आढळतो. साधी चरबीची गाठ आणि सौम्य दिसणारा लायपोसार्कोमा सूक्ष्मदर्शकाखाली सारखे भासू शकतात. तिथे एमडीएम२ जनुकाची तपासणी उपयोगी पडते. म्हणून काढलेल्या गाठीचे ब्लॉक (मेणात जपलेले नमुने) आणि स्लाइड जपून ठेवाव्यात आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या केंद्रातील सार्कोमाचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यावे.

ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाला शस्त्रक्रिया एकटी पुरत नाही, मात्र केमोथेरपीची जोड मिळाल्यास मर्यादित (न पसरलेल्या) आजाराची फलनिष्पत्ती चांगली असते. दहा वर्षांवरील मुलांत स्कॅन स्वच्छ असला तरी पोटामागच्या ग्रंथी तपासण्याचा सल्ला दिला जातो. तो टाळू नये.

लायपोसार्कोमा अनेक वर्षांनीही त्याच जागी परत येऊ शकतो, तर लायोमायोसार्कोमा फुप्फुसांत पसरू शकतो. त्यामुळे पाच वर्षे उलटली म्हणून पाठपुरावा थांबवू नये आणि तपासणी जांघेच्या व्रणापुरती न ठेवता तीत छाती व पोटही धरावे.