टँकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह: लोडिंगला नंबर लावायच्या आधी काय काय बघायचं

लोणी काळभोरच्या डेपोवर भरणारे पेट्रोल-डिझेलचे टँकर आणि चाकण-शिक्रापूरकडे एलपीजी घेऊन येणारे मोठे बुलेट (लांबट गोल टाकीचे) टँकर, दोन्हींबद्दल बोलताना आपण "सेफ्टी व्हॉल्व्ह" म्हणून मोकळे होतो, पण दोघांची कामं वेगळी आहेत आणि अर्धा घोळ तिथेच होतो. त्यामुळे आधी टाकी कुठली ते बघा, मग व्हॉल्व्हकडे वळा.

पेट्रोलच्या टाकीत प्रेशर असं फारसं नसतंच. तिथे असतो ब्रीदर, म्हणजे उन्हाने वाफ वाढली की थोडी बाहेर सोडायची आणि माल खाली करताना बाहेरची हवा आत घ्यायची, आणि हे हवा आत घेण्याचं काम लोक साफ विसरतात. ब्रीदर चोंदलेला आणि खालून डिस्चार्ज जोरात चालू, मग आत व्हॅक्युम होतो आणि टाकी स्ट्रॉने ओढलेल्या फ्रुटीच्या खोक्यासारखी चेपते. शिवाय आग लागली तर एकदम भरपूर वाफ बाहेर जायला इमर्जन्सी व्हेंट असतो, तोही मोकळा पाहिजे.

चोंदतो कशाने? पहिला नंबर रंगाचा. पासिंगला गाडी न्यायची म्हणून पेंटर स्प्रेगन घेऊन वर चढतो आणि मॅनहोल, ब्रीदर, जाळी सगळं एका हातात चकाचक करून टाकतो, झाकणाच्या कडेला रंग सुकला की ते चिकटलंच म्हणून समजा. रंग मारायच्या आधी व्हॉल्व्हवर कागद आणि मास्किंग टेप लावायला सांगा, आणि नंतर तो कागद काढायलाही सांगा, हे हसण्यावारी नेऊ नका. दुसरं म्हणजे बरेच दिवस उभ्या गाडीत कुंभारमाशीचं मातीचं घर. तिसरं, वास येतो किंवा माल उसळतो म्हणून कुणीतरी कोंबलेली चिंधी. ही चिंधी दिसली तर काढून टाकाच पण कोंबली कोणी ते पण शोधा, कारण व्हॉल्व्ह गळतोय हे त्याला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही.

आता गॅसवाले. इथे टाकीच्या आत खरं प्रेशर असतं आणि त्याला लागू होतात २०१६ चे एसएमपीव्ही, म्हणजे प्रेशरच्या टाक्यांचे नियम, बघतं पेसो, म्हणजे केंद्र सरकारचं स्फोटक-सुरक्षा खातं. पेसोचं मुख्य ऑफिस नागपूरला, पुण्याच्या कामासाठी बेलापूर. नियमाचा गाभा असा की रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचं प्रेशर आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह, टाकीच्या वाफेच्या भागाला जोडलेला हवा, डिझाइन प्रेशरच्या (टाकी ज्या प्रेशरसाठी बनवली त्याच्या) ११० टक्क्यांच्या आत सुटायला पाहिजे आणि सगळे व्हॉल्व्ह मिळून इतकी वाफ बाहेर टाकता आली पाहिजे की प्रेशर १२० टक्क्यांच्या वर जाणारच नाही. म्हणून जुना निघाला आणि भंगारातून त्याच आट्याचा दुसरा मिळाला म्हणून बसवला, हे चालत नाही. आटे जुळले तरी सेटिंग आणि कपॅसिटी जुळायला हवी. अमोनियाच्या टाकीवर तर पितळेचा व्हॉल्व्ह अजिबात नको, अमोनिया पितळ खातो.

टाकी आणि रिलीफ व्हॉल्व्ह यांच्या मध्ये बंद करायचा कॉक नसावा. असलाच तर व्यवस्था अशी हवी की एक बंद केला तरी दुसऱ्या व्हॉल्व्हचा रस्ता पूर्ण कपॅसिटीने उघडा राहतो.

वर चढून बघायचं ते असं. (हार्नेस लावून, आणि वारा अंगावरून टाकीकडे वाहतोय ना हे बघून, थेट तोंडावर वाकून बघू नका.) आधी पावसाची टोपी. टोपी जागेवर नसेल तर दोन शक्यता, एकतर वाऱ्याने उडाली किंवा व्हॉल्व्ह सुटला होता. ड्रायव्हरला विचारा गाडी कुठे उभी होती, दुपारी गेज किती दाखवत होता. टोपी नाही म्हणजे पाणी थेट स्प्रिंगवर, आणि जूनचा पाऊस एकदा आत बसला की गंज लागायला वेळ लागत नाही. मग ड्रेनचं बारीक भोक मोकळं आहे का. मग सील (सेटिंग कुणी हलवू नये म्हणून लावलेलं) आणि नेमप्लेट, त्यावरचं सेट प्रेशर (व्हॉल्व्ह ज्याला सुटतो ते) आणि नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळतोय का. तोंडाशी दव किंवा बर्फासारखा पांढरा थर दिसला तर गॅस झिरपतोय. शंका असेल तर साबणाचं पाणी लावा, काडी ओढून बघणारे महाभाग अजूनही आहेत म्हणून लिहितोय. सील तुटलेलं असेल तर ती गाडी लोडिंगला जाणार नाही, विषय संपला, स्प्रिंगचा बोल्ट स्वतः पिळायचा तर विचारसुद्धा नको.

रिलीफ व्हॉल्व्हची टेस्ट वर्षातून एकदा, पेसोने मान्य केलेल्या कॉम्पिटंट पर्सनकडून. टाकीची हायड्रो टेस्ट (पाणी भरून प्रेशर देऊन घेतलेली) ५ वर्षांनी, विषारी किंवा गंजवणाऱ्या गॅसला २ वर्षांनी. माझं मत विचाराल तर टेस्टची तारीख फेब्रुवारीत आणून ठेवा, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात ताजा तपासलेला व्हॉल्व्ह वर असतो. ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं), लेबल, ड्रायव्हरचं ट्रेनिंग हे डेपोवर तपासतातच, त्यात वेळ घालवत नाही.

रस्त्यात व्हॉल्व्ह सुटला तर? खंबाटकी असो की नवले पुलाचा उतार, गाडी शक्य तेवढी मोकळ्यावर घ्या, इंजिन बंद, लोकांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला लांब न्या, ११२ ला फोन लांब जाऊनच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो नाल्यात, खड्ड्यात, अंडरपासमध्ये साचतो, तिकडे कुणी उभं राहू नका. व्हॉल्व्हवर हातोडा मारून बंद करायला जाऊ नका, प्रेशर उतरलं की तो आपला आपण बसतो. गाडी उलटली असेल तर मात्र व्हॉल्व्हच्या तोंडाशी वाफेऐवजी लिक्विड येऊ शकतं, मग गॅस खूप जास्त पसरतो. व्हॉल्व्हच्या तोंडाशी पेटलेलं असेल तर ज्वाला विझवायची घाई नको, टाकी पाण्याने थंड ठेवणं महत्त्वाचं आणि ते फायर ब्रिगेडचं काम आहे. शिट्टीचा आवाज वाढत गेला किंवा टाकीच्या पत्र्याचा रंग बदलायला लागला तर सगळं सोडून पळा.

आणि एकदा सुटलेला व्हॉल्व्ह नीट बसलाय असं वाटलं तरी सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या जागेवर, कचरा अडकलेला असू शकतो, त्यामुळे पुढच्या लोडिंगच्या आधी तो काढून बेंचवर तपासून घ्या, आणि रजिस्टरमध्ये तारीख, जागा आणि गेजचा आकडा लिहा, पुढच्या टेस्टला तोच आकडा कामी येतो.